तिसरा आकडा

जुना कंडेन्सर काउंटरवर ठेवला की दुकानदार दोनच गोष्टी विचारतो: किती मायक्रोफॅरड, किती व्होल्ट? त्यावर छापलेला तिसरा आकडा, अंश सेल्सियसचा, तो विचारत नाही आणि गिऱ्हाईकही सांगत नाही. जळगाव-धुळ्याकडे व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा ऐंशीच्या दशकातला स्टिरिओ पुन्हा वाजता करायचा असेल, तर मी या तिसऱ्या आकड्यापासून सुरुवात करतो.

हिशेब पाहा. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरच्या पोटात द्राव असतो. तो आटत गेला की कंडेन्सरचा जोर जातो, आणि उष्णता जितकी जास्त तितका तो लवकर आटतो. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी कमी झालं तर आयुष्य दुप्पट होतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५च्या घरात जातो. घरात ४२ धरा. बंद कॅबिनेटमध्ये, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी, आणखी वीस-बावीस अंश सहज चढतात. म्हणजे कंडेन्सर ६५ अंशांत शिजतो आहे. ‘८५ अंश, १,००० तास’ असा साधा माल त्या जागी ४,००० तास टिकेल. ‘१०५ अंश, २,००० तास’ वाला तिथेच ३२,००० तास. रोज चार तास रेडिओ लावणाऱ्या घरात पहिला तीन वर्षांच्या आत थकतो, दुसरा वीस वर्षं ओलांडतो. बारा महिने काही मे नसतो, त्यामुळे दोघंही याहून जास्त चालतील, पण दोघांतली तफावत तेवढीच राहील. किमतीतला फरक मात्र थोड्या रुपयांचा असतो. एवढं असूनही ८५ अंशांचा माल का विकला जातो, हे कोडं मला कधी सुटलं नाही. बहुधा तो आधीपासून ड्रॉवरमध्ये पडलेला असतो म्हणून.

व्होल्टचं गणितही आपल्याकडे वेगळं करावं लागतं. एखाद्या जुन्या अँप्लिफायरमध्ये २४ व्होल्टचं वाइंडिंग आहे असं समजा. ते २२० व्होल्टच्या वीजपुरवठ्यासाठी गुंडाळलेलं असतं. रेक्टिफायरनंतर फिल्टरवर साडेबत्तीस व्होल्ट येतात आणि तिथे ३५ व्होल्टचा कंडेन्सर असतो. कागदावर सगळं बरोबर. पण रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात रात्री पंप बंद झाल्यावर मीटर लावून बघा. २५० आणि त्याच्याही वर काटा गेलेला मी पाहिला आहे. २५५ धरले तर त्याच फिल्टरवर ३८ व्होल्ट होतात, आणि आवाज बारीक असेल, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर ओझं नसेल, तर चाळीसच्याही पुढे. म्हणून ३५च्या जागी ३५ घेऊ नका. ५० किंवा जागा असेल तर ६३ व्होल्टचा घ्या. काही सेटांच्या पाठीमागे व्होल्टेज निवडायची पट्टी असते, ती बहुतेक वेळा २२०वर राहिलेली असते. २४० किंवा २४५ची खूण असेल तर पट्टी तिथे न्या. त्यात खर्च काही नाही, आणि कंडेन्सरसकट सगळ्या सेटचा ताप उतरतो.

मायक्रोफॅरडच्या बाबतीत मात्र ‘थोडा जास्त चालेल’ आणि ‘जास्त तितका चांगला’ या दोन वाक्यांत घरं बुडाली आहेत. धुळ्याहून एक व्हॉल्व्हचा रेडिओ माझ्याकडे आला, तो ‘सगळे कंडेन्सर नवे टाकले’ या प्रशस्तीसह. मालकांची तक्रार अस्सल अहिराणीत होती: “भाऊ, धा मिनिट गोड वाजस, मंग घसा बसस.” शिवाय ईझेड ८० हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह त्या सेटने लागोपाठ खाल्ला होता. चेसिस उलटी केल्यावर कारण दिसलं. मूळ ५० मायक्रोफॅरडच्या जागी २२० बसवला होता. बसवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरमध्ये फिल्टर वाढवला की घुमणं कमी होतं, तोच धडा त्याने इथे लावला. पण ईझेड ८० असो की ईझेड ८१, त्यांच्यानंतरचा पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा चालत नाही, असं ते व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांनीच ठरवून दिलं आहे. मोठा कंडेन्सर भरताना दर झटक्याला जो करंट ओढतो, तो त्या व्हॉल्व्हच्या कॅथोडला सोसत नाही. ५०च्या जागी आज ४७ मिळतो, तो घ्या. १६च्या जागी २२, ८च्या जागी १०. जुन्या कंडेन्सरांची मापं मुळातच सैल असत, छापील आकड्याच्या दीडपट भरणारे कंडेन्सरही नियमात बसत. त्यामुळे एवढा फरक सेटला कळतही नाही.

घसा बसायचं कारण वेगळंच निघालं. ‘सगळे’ म्हणजे त्या मेकॅनिकने सगळे इलेक्ट्रोलायटिक बदलले होते. मेणाच्या कागदाचे कंडेन्सर जसेच्या तसे होते, कारण ते फुगत नाहीत, फुटत नाहीत, दिसायला ठाकठीक असतात. त्यांतला एक फार महत्त्वाच्या जागी बसतो: आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटपासून ईएल ८४ या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत. त्याचं काम आवाज पुढे सोडायचं आणि प्लेटवरचा डीसी अडवायचं. मेण म्हातारं झालं की डीसी झिरपू लागतो. ईएल ८४च्या दोन नंबरच्या पिनवर चेसिसच्या तुलनेत शून्य व्होल्ट हवे. इथे सेट तापत गेला तसा काटा चढत आठ व्होल्टवर गेला. ग्रिड असा वर चढला की व्हॉल्व्ह बेफाम करंट ओढतो, आवाज फाटतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर तापतो. तो एकदा जळला तर बाजारात तयार मिळत नाही, गुंडाळून घ्यावा लागतो आणि तसा गुंडाळणारा कारागीर शोधण्यात वर्ष जातं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: व्हॉल्व्हचा सेट आला की कुणी काही म्हणो, हा एक कंडेन्सर सेट पहिल्यांदा चालू करण्याआधी बदलायचा. त्या जागी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन फिल्म, मूळ मापाचा, ६३० व्होल्टचा.

माल कुठून आणायचा, हा पुढचा प्रश्न. जळगावच्या गोलाणी मार्केटला आता मोबाइलचं राज्य आहे. धुळ्यात आग्रा रोडच्या आसपास चौकशी करावी लागते. हटकून मिळतं ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत. परदेशी नावांसाठी जीव टाकायचं कारण नाही. फिल्म कंडेन्सर आपल्या नाशिकला टीडीकेच्या कारखान्यात बनतात, मोठ्या डब्याचे इलेक्ट्रोलायटिक नाशिकचीच अल्कॉन बनवते, आणि केरळातल्या कण्णूरची केल्ट्रॉन वर्षानुवर्षं या धंद्यात आहे. ‘ऑडिओ ग्रेड’ म्हणून सोनेरी वेष्टनातला दहापट किमतीचा कंडेन्सर घेऊन आवाजात अमृत उतरतं, असं सांगणारे भेटतात. मी तरी तो पैसा चांगल्या सोल्डरिंगवर आणि नव्या स्पीकर वायरवर खर्च करीन.

दोन प्रकारच्या मालापासून लांब राहा. पहिला नकली. अंगठ्याएवढ्या डब्यात १०,००० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्ट मावत नाही, मग वर काहीही छापलेलं असो. खरा निदान तीन सेंटिमीटर जाडीचा आणि हाताला वजनदार असतो. पाय आखूड असतील किंवा त्यांना जुन्या सोल्डरची चमक असेल, तर तो कुठल्या तरी बोर्डावरून उपसलेला आहे. साध्या मीटरने मायक्रोफॅरड मोजून समाधान मानू नका. तो आकडा बरोबर येऊनही कंडेन्सर गळका असू शकतो. १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून त्याला त्याच्या कामाच्या व्होल्टेजवर भरू द्या आणि काही मिनिटांनी रेझिस्टरच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा. एक व्होल्ट म्हणजे एक दशांश मिलिअँपिअर गळती. आकडा उतरत जाऊन थोडक्यावर स्थिरावला पाहिजे. तो तिथेच अडून बसला किंवा चढू लागला, तर माल परत.

दुसरा प्रकार जास्त मोहात पाडतो: बंद पडलेल्या रेडिओ दुकानातला न वापरलेला जुना साठा. पिवळी पडलेली खोकी, ओळखीची नावं, आणि विकणारा छातीठोकपणे सांगतो, “नवाच शे, डब्बा उघडेल नही.” डबा न उघडणं हीच त्याची अडचण आहे. इलेक्ट्रोलायटिकच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर व्होल्टेज मिळत राहिलं तरच टिकतो. तीस वर्षं कपाटात राहिलेल्या कंडेन्सरला एकदम ३०० व्होल्ट दिले तर तो तापतो, कधी फुटतो. मोठ्या रेझिस्टरमधून तासन्‌तास हळूहळू भरून थर पुन्हा उभा करता येतो, पण पॉवर सप्लायमध्ये असा माल मी वापरत नाही. शोभेसाठी जुना ॲल्युमिनियमचा डबा चेसिसवर राहू द्यावा, त्याच्या सगळ्या तारा सोडवाव्या आणि नवे कंडेन्सर खाली दडवावे. जुना जोडलेला ठेवून त्याच्या अंगावर नवा समांतर लावणं हा सर्रास चालणारा उद्योग आहे. घुमणं त्या दिवशी थांबतं, पण जुन्याची गळती चालूच राहते.

आता न बदलण्याविषयी. अभ्रकाचे, सिरॅमिकचे आणि कॉइलजवळचे ते चकचकीत पॉलिस्टायरीनचे कंडेन्सर सहसा बिघडत नाहीत. उत्साहात ते उपटले की स्टेशनं जागची हलतात आणि पॉलिस्टायरीन तर सोल्डरिंगच्या आचेनेच वितळतं. मोहरीच्या रंगाचे जुने पॉलिएस्टरही तपासून चांगले निघाले तर राहू द्या.

स्पीकरच्या खोक्यातले इलेक्ट्रोलायटिक बायपोलर असतात, त्यांना अधिक-उणे नसतं. त्या जागी साधा, एका बाजूला पट्टी असलेला कंडेन्सर टाकला तर तो टिकत नाही. फिल्मचा घातला तर उत्तमच, फक्त ट्विटर थोडा तिखट वाटेल, कारण जुन्याचा अंगचा रोध गेला. एखाद्या ओहमाचा रेझिस्टर सिरीजमध्ये घातला की कान शांत होतात.

एका घुमण्याने मात्र भलेभले फसतात. सेट कुठेही शांत असतो; काटा ९६३ किलोहर्ट्झवर, जळगाव आकाशवाणीवर आणला की तेवढ्यापुरता घुं आवाज सुरू होतो. फिल्टर कितीही बदला, जात नाही. हा दोष बहुधा मेनच्या तारांजवळच्या छोट्या कंडेन्सरचा असतो, जो वायरीवरून आलेली रेडिओची लहर चेसिसकडे वळवतो. जवळचं, जोरदार स्टेशन असलं की तो दोष उघडा पडतो. ही जागा मेनची आहे, म्हणून तिथे ६३० व्होल्टचा साधा फिल्म चालणार नाही. दोन मेन तारांमध्ये एक्स २ आणि तार ते चेसिस वाय २, अशी छापील खूण पाहूनच घ्या, कारण बिघडल्यावर कुणाला शॉक बसू नये अशा बेताने वाय वर्गाचे कंडेन्सर बनवलेले असतात.

शॉकवरून आठवलं. यूसीएल ८२, यूवाय ८५ असे व्हॉल्व्ह असलेल्या सेटला मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, चेसिस थेट मेनला जोडलेली असते. अशा सेटचं मागचं झाकण घरच्या नवशिक्याने उघडू नये, हे मी स्पष्ट सांगतो. बाकी सेटांतही प्लग काढल्यावर फिल्टर भरलेला राहतो. पाच वॅटचा एक किलोओहमचा रेझिस्टर लावून तो रिकामा करा, मीटरने खात्री करा. पेचकसाने ठिणगी पाडण्याची मर्दुमकी नको. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना साठ वॅटचा तारेचा दिवा सिरीजमध्ये ठेवा. तो क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जा, लख्ख पेटून राहिला तर बंद करा. एलईडी दिवा या कामाचा नाही, म्हणून तारेचे मिळतात तोवर दोन-चार घेऊन ठेवा.

काढलेले कंडेन्सर मी फेकत नाही. पिशवीत घालून कॅबिनेटमध्येच ठेवतो, आणि आतल्या लाकडावर कुठे काय टाकलं, किती मापाचं, कोणत्या साली, हे पेन्सिलीने लिहितो. स्टिकर लावून पाहिले होते, पण आपल्या उन्हाळ्यात त्यांचा डिंक सुटतो.