संगणक वारंवार बंद पडल्यास

संगणक खडकीतील घरचा असो वा खेड्यातील शाळेचा, त्यातील दोष क्रमाने शोधावा. प्रथम विद्यार्थ्यांच्या नोंदींची प्रत वेगळ्या साधनावर घ्यावी. यंत्र पुन्हा मिळते, नोंदी मिळत नाहीत. नंतर वीज तोडून पंख्यावरील धूळ काढावी; फार तापलेले यंत्र स्वरक्षणार्थ थांबते. तरीही दोष राहिल्यास ‘सेफ मोड’मध्ये सुरू करावे. तेथे संगणक नीट चालल्यास दोष बहुधा नव्याने घातलेल्या आज्ञावलीत असतो. पुण्यात १९९०च्या दशकात ‘क्विक हील’ हे विषाणुरोधक सिद्ध झाले. अशी साधने उपयुक्त खरी. मात्र दोन एकत्र ठेवल्यास ती परस्परांस अडवितात व यंत्र खोळंबते. एका वेळी एकच बदल करून तो नोंदवहीत लिहावा, म्हणजे कारण निश्चित कळेल.