घरून काम करणाऱ्याचे घर : पुण्यात की बीडमध्ये?

प्रश्न : पुण्यातील कंपनीचे काम बीडमधून करणाऱ्या प्रोग्रॅमरने पुण्यात सदनिका घ्यावी, की बीडमध्ये प्लॉट घेऊन घर बांधावे?

उत्तर : घरून काम करण्याची मुभा कंपनीने लेखी व कायमस्वरूपी दिली असेल, तर पुण्यातील सदनिकेचे हप्ते वर्षानुवर्षे फेडण्यापेक्षा बीडमध्ये घर बांधणे शहाणपणाचे ठरते, मात्र येथील खरी जोखीम किमतीची नसून मालकीहक्काची आहे. 1948पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात असल्याने जिल्ह्यात इनाम जमिनी आढळतात, आणि त्यांत मदतमाश, म्हणजे निर्वाहासाठी दिलेली, व खिदमतमाश, म्हणजे देवस्थान, मशीद किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली, असा भेद करावा लागतो. पहिल्या प्रकारची जमीन शासनाकडे नजराणा, म्हणजे ठरावीक रक्कम, भरून नियमित होऊ शकते, दुसऱ्या प्रकारची मात्र खासगी मालकीची नसल्याने खरेदीखत नोंदवले तरी घेणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, आणि आयुष्याची कमाई अशा कागदावर घालवणे ही फार मोठी हानी आहे. म्हणून सातबारावरील भूधारणा पद्धती प्रथम वाचावी : तेथे ‘भोगवटादार वर्ग 2’ असल्यास हस्तांतरावर शासकीय निर्बंध असतात, तर ‘इतर अधिकार’ या रकान्यात देवस्थान किंवा वक्फचा उल्लेख असल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. केवळ चालू उतारा पुरेसा नाही. जुने फेरफार आणि मराठवाड्यातील 1954-55चे खासरा पत्रकही काढावे. पुण्यातच घ्यायचे ठरल्यास महारेरा नोंदणी पाहावी आणि नोंदणीकृत करारापूर्वी 10 टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये. बीडमध्ये इसार देण्याआधी हे सर्व कागद वकिलाकडून तपासून घ्यावेत.