पानं लावण्याआधी मास्टर लाव

दिवाळी अंकाचं काम घेतलंस ते छान केलंस. आता मावशीचं एक ऐक. मजकुराच्या फाइली आल्या म्हणून लगेच पहिली कथा उचलून पानावर ओतू नकोस. इनडिझाईनच्या पेजेस पॅनलमध्ये वरच्या कप्प्यात जी जोडपानं दिसतात, तिथे आधी ठाण मांडून बस. त्यांना आता नव्या आवृत्तीत ‘पेरेंट पेज’ म्हणतात. आपण मास्टरच म्हणू, छापखान्यात सगळ्यांना तेच कळतं. संपादकांचा फोन येईल, ‘किती पानं झाली?’ एकही झालेलं नसेल. खुशाल ‘काम चालू आहे’ म्हण, ते खोटं नाही.

पंगतीत मीठ-लिंबू वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. जेवणारा ताटात शोधत बसत नाही. मास्टरचं काम तेवढंच. पान क्रमांक, लेखाचं नाव, समास, कॉलम हे सगळं ठरल्या जागी असलं की वाचणाऱ्याचं त्याकडे लक्षही जात नाही, आणि तेच आपल्याला हवं असतं.

आता माप. अंक सव्वासात बाय साडेनऊ इंची आहे ना? एकशे साठ पानं म्हणजे सोळाचे दहा फर्मे, परफेक्ट बाइंडिंग. असा अंक मधोमध पुरता उघडत नाही, म्हणून आतल्या बाजूला पाऊण इंच सोड, बाहेर अर्धा. मजकुराला सहा इंच उरले. दोन कॉलम, मध्ये पाव इंच. उंचीचा हिशेब मात्र इंचांत करू नकोस, ओळींत कर. मराठीत १२ पॉइंटच्या अक्षराला १६ पॉइंटचं लीडिंग ठेवावं असं माझं मत. वर मात्रा आणि रफार, खाली उकार आणि एकाखाली एक बसणारी जोडाक्षरं. इंग्रजीच्या सवयीने १४ ठेवलंस तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. १६ पॉइंटच्या ३६ ओळी म्हणजे ५७६ पॉइंट, म्हणजे बरोबर आठ इंच. उरलेला दीड इंच वर-खाली वाट, फोलिओ, म्हणजे पान क्रमांक, खाली असेल तर खाली थोडा जास्त. टेक्स्ट फ्रेमच्या बेसलाइन ऑप्शनमध्ये पहिली ओळ ‘लीडिंग’वर ठेवायला विसरू नकोस. मग दोन्ही कॉलमच्या ओळी समोरासमोर येतात. शिवाय कागद पातळ असला तरी मागच्या पानाच्या ओळी पुढच्या ओळींच्या आड जातात, मधल्या पांढऱ्या जागेत डोकावत नाहीत. दिवाळी अंकांना कागद कसा मिळतो हे तुला लवकरच कळेल.

ही शिस्त संगणकाने आणली असं समजू नकोस. पेस्टिंगच्या काळात फिकट निळ्या रेघा आखलेली शीट मिळायची. तो निळा रंग छपाईच्या फिल्मवर उमटत नाही. रेघांच्या आधाराने मजकुराचं ब्रोमाइड चिकटवायचं, शीट कॅमेऱ्याखाली गेली की मजकूर उरायचा आणि रेघा गायब. म्हणजे प्रत्येक पान एकाच आखणीवर उभं, आणि आखणी छापली जात नाही. १९८५ साली अल्डस कंपनीने पेजमेकर आणला तो पेस्टिंगच्या टेबलाची नक्कल म्हणूनच. कंपनी काढणारे पॉल ब्रेनर्ड आधी वर्तमानपत्रांना टाइपसेटिंगची यंत्रणा पुरवणाऱ्या एटेक्समध्ये होते, त्यामुळे पेस्टिंगवाल्याचे हात काय करतात ते त्यांनी पाहिलेलं. कंपनीला नाव दिलं तेही वेनिसच्या जुन्या मुद्रकाचं, अल्डस मनुशिअसचं. पेजमेकरमध्ये मास्टरवर पान क्रमांकाची खूण टाकली की डावीकडे एलएम आणि उजवीकडे आरएम अशी अक्षरं दिसायची. १९९४ साली अडोबीने अल्डस घेतली, १९९९ मध्ये इनडिझाईन आलं, आणि आता त्याच जागी नुसता ‘ए’ दिसतो. तो ‘ए’ पाहून घाबरू नकोस, खालच्या खऱ्या पानांवर क्रमांक येतो.

ती खूण कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एन दाबून टाक. हाताने आकडा कधीही टाइप करू नकोस, एका पानावरसुद्धा नाही. मराठीत यात एक गोम आहे. अंक युनिकोडमध्ये असला तर ही खूण इंग्रजी आकडे उमटवते. मग त्या खुणेपुरती एक कॅरेक्टर स्टाइल बनव आणि तिला श्रीलिपीच्या जुन्या घराण्यातला फॉन्ट दे. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी आकड्यांच्या जागी मराठी आकड्यांचीच चित्रं बसवलेली असतात, त्यामुळे पानावर ४७ मराठीतच दिसतो. फॉन्ट निवडल्यावर शून्यापासून नऊपर्यंत सगळे आकडे एकदा टाइप करून बघ.

अक्षरांचं काम मात्र मास्टरवर लादू नकोस. मास्टर जागा सांभाळतो, अक्षरं पॅराग्राफ स्टाइल सांभाळते. युनिकोड मजकुराच्या मूळ स्टाइललाच वर्ल्ड-रेडी कंपोजर लाव, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसेल आणि जोडाक्षरं फुटतील. एकदा स्टाइल नीट झाली की रनिंग हेड, म्हणजे पानावरचं लेखाचं नाव, फुकटात मिळतं. टेक्स्ट व्हेरिएबलमध्ये रनिंग हेडर घे, त्याला ‘लेखाचं शीर्षक’ ही तुझी स्टाइल दाखव आणि तो मास्टरवर ठेव. शीर्षक शेवटच्या क्षणी बदललं, आणि ते बदलणारच, तरी वरची पट्टी आपोआप बदलते.

आता खरी गोष्ट सांगते, बाकी थोडं विसरलीस तरी चालेल. अपवादालाही मास्टर कर. कवितेचं पान कथेसारखं दोन कॉलमी चालत नाही. लेखाच्या पहिल्या पानावर रनिंग हेड नको आणि मजकूर निम्म्यातून सुरू व्हायला हवा. परिसंवादाला तीन कॉलम. पूर्ण पानाच्या जाहिरातीवर फोलिओ नको, पण मोजणीत ते पान धरायचं. नवशिका ऑपरेटर काय करतो? प्रत्येक ठिकाणी जाऊन मास्टरची वस्तू कंट्रोल-शिफ्ट-क्लिक करून मोकळी करतो आणि हाताने सरकवतो. तेवढ्यापुरतं पान छान दिसतं. मग संपादकांना फोलिओ कोपऱ्यातून मध्यभागी हवा होतो. मास्टरवर तू तो हलवतेस, शंभर पानं ऐकतात आणि मोकळी केलेली पानं जागची हलत नाहीत. त्यापेक्षा ‘ए’ हा मूळ मास्टर ठेव. ‘बी’ कवितेचा, ‘सी’ लेखारंभाचा, ‘डी’ परिसंवादाचा, आणि तिघेही ‘ए’वर आधारित. फोलिओ फक्त ‘ए’वर, तिथे हलला की सगळीकडे हलतो. जाहिरातीच्या पानाला सरळ ‘नन’ लाव. एखादी सवलत दुसऱ्यांदा द्यावीशी वाटली की समज, नवा मास्टर करायची वेळ आली.

मोकळ्या केलेल्या वस्तूंची आणखी एक खोड आहे. अशा पानाला दुसरा मास्टर लावलास तर जुनी वस्तू जात नाही, नवीही तिथेच येऊन बसते. प्रूफमध्ये एका आकड्यामागे दुसरा आकडा किंचित सरकलेला दिसला की कारण हेच. नवा मास्टर लावण्याआधी पॅनलच्या मेनूतून त्या पानाचे ओव्हरराइड काढून टाक.

फोलिओसाठी वेगळा लेअर कर आणि तो सगळ्यात वर ठेव. मास्टरच्या वस्तू त्याच लेअरवरच्या पानाच्या वस्तूंखाली राहतात, त्यामुळे काठापर्यंत पसरलेला फोटो आला की क्रमांक त्याच्याखाली गुडुप होतो.

जाहिराती उशिरा येतात. ती या धंद्याची रीतच आहे, कुरकुर करण्यात अर्थ नाही. पण मध्येच एक पान घुसवलंस तर पुढचं प्रत्येक डावं पान उजवं होतं, कारण विषम क्रमांक उजवीकडेच हवा. मास्टरच्या वस्तू बाजू बदलून घेतात, पण हाताने ठेवलेले फोटो आणि चौकटी घेत नाहीत. म्हणून पानं नेहमी जोडीने घाल आणि जोडीनेच काढ. एकच जाहिरात आली असेल तर दुसरं पान कवितेला दे. कवी खूश होतील, आणि कविता एकटीने पानावर बरीही दिसते.

मास्टरवर काय नको तेही ऐक. कोपऱ्या-कोपऱ्यांतून पणत्यांची रांग, रांगोळीची पट्टी, कंदिलाची झालर. दहा पानांपर्यंत कौतुक, पुढे वाचणाऱ्याला ते टोचायला लागतं. संपादक हट्टच धरून बसले तर ती सजावट वेगळ्या लेअरवर टाक. छापलेलं प्रूफ हातात घेतल्यावर बहुतेक वेळा तेच म्हणतात, ‘जरा जास्त होतंय.’ मग त्या लेअरचा डोळा मिटला की काम संपलं. मुखपृष्ठालाही मास्टर नको, ते वेगळ्या फाइलीत कर.

नमुन्याची तीन जोडपानं छापून घे: कथा, कविता, परिसंवाद. पडद्यावर दाखवू नकोस, पडद्यावर सगळ्यांना सगळं आवडतं. कागद मापात कापून दे आणि त्यावर संपादकांची सही घे.

छोट्या छापखान्यांत अजून कोरलवर काम चालतं. तिथे ऑब्जेक्ट मॅनेजरमध्ये मास्टर लेअर असतो आणि पंधरा-वीस पानांच्या स्मरणिकेला तो पुरतो. त्यापुढे कोरलच्या नादी लागू नकोस. पैशांची अडचण असेल तर स्क्रायबस फुकट आहे, त्यात मास्टर पेज नीट आहेत. मराठी जोडाक्षरं मात्र आधी एका पानावर तपासून घे.

अंक छापून आला की मजकूर काढून टाकलेली फाइल टेम्पलेट म्हणून साठव, वर्षाचं नाव देऊन. सोबत पॅकेज करून फॉन्ट ठेव. आणि एक आयडीएमएल प्रतही काढ, कारण छापखान्यातल्या संगणकावर इनडिझाईनची कुठली आवृत्ती आहे ते आयत्या वेळीच कळतं.