कंससुद्धा बोलून सांग

अगं, मार्केट यार्डात गाळ्यावर हिशेबाला बसणार आहेस ना? मग बेरीज-गुणाकाराची धास्ती सोड, ते मोबाईल करतो. आकडा नीट ऐकणं आणि नीट सांगणं हे तुझं काम, आणि घोळ तिथेच होतो.

समज, कांद्याच्या वजनकाट्याशी उभा असलेला माणूस ओरडला, "दहा गोण्या, पन्नासच्या, एक किलो बारदान वजा." काय लिहिशील? गोणीमागे एक किलो धरलास तर 490, सगळ्यांचा मिळून धरलास तर 499. वीस रुपये किलोचा भाव असेल तर 180 रुपयांचा फरक, आणि तो शेतकऱ्याला नाहीतर घेणाऱ्याला सोसावा लागतो. कागदावर कंस घातला की भांडण मिटतं. बोलताना कंस ऐकूच येत नाही!

लोजबान नावाची एक मुद्दाम घडवलेली भाषा आहे. 1987 साली तिचं काम सुरू झालं. वाक्याच्या रचनेचे दोन अर्थ निघू नयेत, हाच तिचा ध्यास. म्हणून तिच्यात कंसालाही उच्चार आहे: उघडताना 'वेय', मिटताना 'वेहो'. 'पानो पिही वेय मुनो वुहु पा वेहो', म्हणजे दहा गुणिले, कंसात पन्नास वजा एक. इथे 490च येणार. कंस गाळलास तर ती भाषा सरळ डावीकडून उजवीकडे जाते आणि 499 येतात. शाळेतला 'आधी गुणाकार' तिथे आपोआप लागत नाही. तीन अधिक चार गुणिले पाच म्हणजे पस्तीस! मला हा काटेकोरपणा फार आवडतो.

तिच्यात 65 हा आकडा लिहितात तसाच बोलतात, आधी सहा, मग पाच. आपल्या पासष्टमध्ये पाच आधी. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'साठ पाच' अशी पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी मुलांची अडचण समजावून त्या पद्धतीची बाजू मांडली होती. मला त्यांचं म्हणणं पटतं. तरी तू पासष्ट, अडीचशे, पावणेतीनशे सोडू नकोस. बाजारात भाव याच शब्दांत चालतो. फक्त फोनवर जोडीला अंक सांग: "पासष्ट, सहा-पाच."

आणि 'वजा' ऐकलंस की तिथल्या तिथे विचार, "गोणीमागे की एकूण?" घाईत असलेला माणूस वैतागेल. वैतागू दे. उत्तर मिळाल्याशिवाय हिशेबाची पट्टी फाडू नकोस.