अवजारांच्या खोलीतले उंदीर : आधी जागा, मग सापळा, शेवटी विष



सोयाबीन निघून मळणी झाली की शेतात दाणा उरत नाही. रात्री गार होऊ लागतात आणि उंदीर घराकडे वळतात. घरातही ते अशी खोली निवडतात, जिथे माणसाची रोज ये-जा नसते. आपल्या माळव्यातल्या बहुतेक शेतकरी घरांत अशी एक खोली असतेच. तिथे आपण वेल्डिंग करतो, विळ्या-कुऱ्हाडींना धार लावतो, मोटार दुरुस्त करतो. त्याच खोलीत ड्रिपच्या नळ्यांची भेंडोळी, फवारणीचा पंप, रिकामे बारदान आणि बहुधा बियाण्याचे एखादे पोतेही पडलेले असते.

या खोलीत उंदीर खातो थोडे आणि नासतो फार. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवण्यासाठी त्याला काही ना काही कुरतडावेच लागते, मग ते लाकूड असो, रबर असो की विजेची वायर. ड्रिपची नळी कुरतडली तर पैसा जातो. ग्राइंडरची वायर कुरतडली तर हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो, ठिणगी पडून आगही लागू शकते. म्हणून हा विषय केवळ नुकसानीचा नाही. घरातल्या माणसांच्या सुरक्षिततेचा आहे.

इंदूर शहराने शिकवलेला धडा

साधारण १०० वर्षांपूर्वी आपल्या इंदुरात प्लेगची फार दहशत होती. प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसाला होतो. त्या काळी होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला शहराची पाहणी करण्यासाठी बोलावले. त्यांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. लोकांनी आपली घरे आपणच साफ करावीत म्हणून गेडिस यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा उपयोग करून घेतला. मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, ज्या वस्तीत सर्वांत जास्त साफसफाई आणि डागडुजी झाली असेल त्या वस्तीतून जाईल, असे जाहीर झाले. मग काय विचारता! घराघरांतून आणि अंगणांतून गाड्याच्या गाड्या कचरा बाहेर निघाला, उंदीरही मोठ्या संख्येने पकडले गेले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती. गेडिस यांनी आधी कचरा काढायला लावला, हे आपण लक्षात ठेवावे.

दुसरे उदाहरण अलीकडचे आणि दुःखाचे आहे. आपल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात १९९४ साली रुग्णांना हलवून उंदीर मारण्याची मोठी मोहीम झाली. सुमारे १२ हजार उंदीर मारल्याचे सांगितले जाते. तरी त्याच रुग्णालयात ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात दोन बाळांना उंदीर चावले आणि पुढे दोन्ही बाळे दगावली. मृत्यूचे कारण जन्मजात आजार होते, असे प्रशासनाने म्हटले. उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. त्या बाळांच्या आईबापांचे दुःख आपण जाणतोच. आपल्यापुरता बोध असा की, हजारोंनी उंदीर मारले तरी अन्न, पाणी आणि आडोसा तसाच राहिला तर आजूबाजूचे उंदीर येऊन रिकामी झालेली जागा भरून काढतात. उंदराची मादी सुमारे तीन आठवडे गाभण राहते आणि एका वेळी पाच ते दहा पिले देते. मारण्याच्या शर्यतीत आपण तिला हरवू शकत नाही. तिची राहण्याची सोय मात्र नक्की मोडू शकतो.

आधी ओळख पटवा

खोलीत कोण येते ते लेंड्यांवरून कळते. जिऱ्याच्या दाण्याएवढ्या लेंड्या घरातल्या लहान उंदराच्या. अर्धा-पाऊण इंच लांबीच्या असल्या तर मोठा उंदीर. भिंतीच्या पायाशी उकरलेल्या मातीचा ढीग दिसला तर घूस समजावी. लांब सोंडेची, उग्र वासाची चिचुंदरी मात्र किडे खाते, ती वायर कुरतडत नाही. तिच्यामागे लागू नये.

रात्री भिंतीच्या कडेने राख भुरभुरून ठेवा. सकाळी पावलांचे ठसे पाहून वाट कळेल. बाहेरची बिळे संध्याकाळी ओल्या मातीने हलकेच बुजवा. सकाळी जेवढी उघडली असतील तेवढीच वापरात आहेत. त्यांवर खूण करा.

पहिले काम : जागा मोडणे

१. बियाणे, कोंबड्यांचे खाद्य, पेंड या खोलीत ठेवू नये. ठेवणे भागच असेल तर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवावे. पोते किंवा प्लॅस्टिकचा डबा उंदराला अडवू शकत नाही.

२. काम करताना खाल्लेल्या भाकरीचे तुकडे, शेंगांची टरफले तिथेच टाकू नयेत. मोठ्या उंदराला रोज पाणी लागते, म्हणून गळका नळ आणि उघडी बादलीही नको.

३. नळ्या, बारदान, दोर खुंटीला टांगावे. पेट्या आणि लाकडे जमिनीपासून फूटभर उंच फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत. भिंतीची कड मोकळी आणि डोळ्यांना दिसणारी हवी.

४. खोलीला लागून कडब्याची गंजी किंवा विटांचा ढीग ठेवू नये. शेणखताचा ढीगही दूर हलवावा आणि वरचेवर उलथावा. इंदूरच्याच संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी जी खताची पद्धत बसवली व १९३१ साली पुस्तकरूपाने मांडली, तिच्यात ढीग उलथणे हा मुख्य भाग आहे. उलथलेला, आतून तापलेला ढीग उंदराच्या घरट्याच्या कामाचा नसतो. महिनोन्‌महिने न हलवलेला ढीग असतो.

दुसरे काम : वाटा बंद करणे

लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढे भोक पुरते. मोठ्या उंदराला पाऊण इंचाची फट पुरते. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकावी. खिडकीला आणि भिंत-कौले यांमधल्या मोकळ्या जागेला पाव इंच छिद्रांची लोखंडी जाळी बसवावी. भिंतीतली भोके सिमेंटमध्ये काचेचे तुकडे कालवून बुजवावीत. नुसता चिखल किंवा चिंधी कोंबली तर एका रात्रीत वाट पुन्हा मोकळी होते.

येथे एक क्रम पाळावा. सर्व वाटा एकदम बंद केल्या तर उंदीर आत कोंडला जातो आणि जे सापडेल ते कुरतडतो. म्हणून खूण केलेली चालू वाट शेवटपर्यंत ठेवावी, बाकीच्या बंद कराव्या, त्या वाटेवर आठवडाभर सापळे लावावे आणि सापळे रिकामे राहू लागले की तीही बुजवावी.

तिसरे काम : सापळा

एका सापळ्याने काम होत नाही. भिंतीच्या कडेने दर पाच-सहा फुटांवर एक, असे निदान चार-सहा हवेत. चापाचे तोंड भिंतीकडे करून ठेवावे, कारण उंदीर भिंतीला अंग घासत चालतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस चाप न चढवता त्यावर शेंगदाणे, भजे किंवा खोबरे ठेवून त्याला सवय लावावी, मग चाप चढवावा. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर दूर शेतात सोडून देणे म्हणजे आपली अडचण शेजाऱ्याच्या दारात नेणे होय. चिकट गोंदाचे पुठ्ठे वापरू नयेत. त्यावर जीव तासन्‌तास तडफडतो आणि कधी पाल, कधी पाखरूही अडकते.

शेवटी विष, तेही जपून

वरील कामे केली तर बहुतेक घरांत विषाची गरज पडत नाही. पडलीच तर ब्रोमॅडिओलोनच्या तयार वड्या घ्याव्यात. त्या उघड्यावर टाकू नयेत. उंदराला जाण्यापुरते भोक असलेल्या बंद पेटीत, मुले, कोंबड्या व वासरे यांच्यापासून दूर ठेवाव्यात. हे विष खाऊन उंदीर काही दिवसांनी मरतो. मेलेले उंदीर शोधून पुरावेत, नाहीतर मांजर किंवा घुबड ते खाऊन स्वतः मरते आणि आपले दोन मोफत राखणदार आपणच गमावतो.

पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट घरात आणूच नये. झिंक फॉस्फाइडची काळी पूड व धान्यात घालायच्या गॅसच्या गोळ्या राहत्या घरात वापरू नयेत. या तिन्हींवर खात्रीचा उतारा नाही, आणि आजवर कितीतरी घरांतली माणसे त्यांनी गेली आहेत. कोणतेही विष कुलपात ठेवावे. कोणी चुकून खाल्ले तर दूध, तूप, तेल पाजू नये, ओकारी काढत बसू नये. विषाचे पाकीट बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा.

आरोग्याच्या चार गोष्टी

लेंड्या कोरड्या झाडू नयेत, ती धूळ नाकात जाते. दारे उघडून खोली अर्धा तास वारा खाऊ द्यावी, ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडून थोडा वेळ मुरू द्यावे आणि मग ओल्या फडक्याने पुसावे. तोंडाला रुमाल बांधावा. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून उचलावा आणि दीड-दोन फूट खोल पुरावा.

उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू ओल्या जमिनीत व साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून आपल्या अंगात शिरतात. पावसाळ्यात अचानक ताप, पोटऱ्यांत जबर दुखणे, लाल डोळे अशी लक्षणे दिसली तर घरगुती काढ्यांवर दिवस काढू नयेत. आपण शेतात व उंदरांच्या जागी काम करतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. वेळेवर औषध मिळाले तर हा आजार बरा होतो. उंदीर चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्यात धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

कुरतडलेल्या वायरीला चिकटपट्टी लावून काम चालवू नये, ती बदलावी. काम संपल्यावर प्रत्येक यंत्राची पिन काढून ठेवावी.

घरी करायचा अभ्यास

नाताळ जवळ आला की आपण घर झाडतो, रंगवतो. यंदा त्या यादीत अवजारांची खोली पहिली लिहावी. पहिल्या आठवड्यात सामान बाहेर काढून जागा मोडावी. दुसऱ्या आठवड्यात वाटा बुजवाव्या, तिसऱ्यात सापळे लावावे, चौथ्यात शेवटची वाट बंद करावी. शेजारच्या दोन-चार घरांनी हे एकाच वेळी केले तर उत्तम, कारण उंदराला कुंपण ठाऊक नसते.

घरातल्या सर्वांनी बसून या प्रश्नांची उत्तरे द्यावीत :

१. आपल्या अवजारांच्या खोलीत उंदराला खायला काय मिळते?

२. पेन्सिल आत जाईल अशी किती भोके आपण मोजली?

३. घरात उंदराचे विष कुठे आहे, आणि मुलांचा हात तिथपर्यंत पोहोचतो का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजच झोपण्यापूर्वी शोधावे, अशी आमची सर्वांना कळकळीची विनंती आहे.