माहिती द्या, पण आधी विचारा: कशाला?

कांदा विकायचा असो की औषध मागवायचं असो, कंपनीची वेबसाइट उघडली की फॉर्म समोर येतो. नाव, मोबाईल, गट नंबर, आधार, बँक खातं. भरण्याआधी एवढं बघा.

1️⃣ माहिती कशाला लागते? निर्यातीच्या द्राक्षबागेची ग्रेपनेटवर नोंद करताना नाव, गाव, बागेची माहिती लागतेच, कारण माल कोणत्या बागेतला हे त्यावरूनच कळतं. पण नुसता बाजारभाव बघायला आधार कशाला?

2️⃣ आधारची प्रत द्यावीच लागली तर 'मास्क्ड आधार' चालतो का विचारा. त्यात पहिले 8 अंक झाकलेले असतात, शेवटचे 4 दिसतात. आधारच्या सरकारी वेबसाइटवरून तो डाउनलोड होतो.

3️⃣ 'मी सहमत आहे' वर टिक करण्याआधी माहिती आणखी कोणाला देणार ते वाचा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 मध्ये संमती मागे घेण्याची आणि माहिती दुरुस्त करून किंवा पुसून मागण्याची तरतूद आहे.

4️⃣ ओटीपी कोणालाच सांगू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल उघडू नका.

खात्यातून पैसे गेले तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा.

घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, सायखेडा