मालकाच्या कामाची नोंद

स्मरणिकेसाठी मी दरवर्षी बालआरोग्यावर लिहिते. यंदा मात्र माझ्यावरच आलेल्या एका प्रसंगाविषयी लिहावे असे वाटले. आपल्या मंडळातील अनेकांची स्वतःची रुग्णालये आहेत, आणि त्यांपैकी काहींनी आमच्याप्रमाणे ती प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करून चालविली आहेत. आपण स्वतःच्याच कंपनीत किती आणि कोणते काम करतो, हे कधी कागदावर सिद्ध करून दाखवावे लागेल, असा विचार आपण सहसा करत नाही. मीही केला नव्हता.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात रुग्णालयाच्या ओल्या पायऱ्यांवरून मी घसरले आणि उजव्या मनगटाशी हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर आणि त्यानंतर दोन आठवडे व्यायामोपचार. बालरोगतज्ज्ञाचा उजवा हात बंद झाला म्हणजे सलाइनची शीर शोधणे, पाठीतून पाणी काढणे, नवजात बाळाच्या श्वासनलिकेत नळी घालणे, सारेच थांबते. माझी व्यक्तिगत अपघात विमा पॉलिसी होती. अशा पॉलिसींत तात्पुरत्या पूर्ण असमर्थतेसाठी सर्वसाधारणपणे विमा रकमेच्या १ टक्का रक्कम दर आठवड्याला, अधिकाधिक १०० आठवडे, मिळते. बहुधा आठवड्याच्या रकमेला रुपयांतही वरची मर्यादा असते. मी आठ आठवड्यांचा दावा केला. क्ष-किरण चित्र, अस्थिरोगतज्ज्ञांचे प्रमाणपत्र, सारे जोडले. आणखी काय लागणार, अशी माझी समजूत.

महिन्याभराने विमा कंपनीचे तपासनीस आले. गृहस्थ सभ्य होते. चहा घेता घेता त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, मालक कधी रजेवर असतो का?"

मला तो प्रश्न तेव्हा उपमर्दकारक वाटला. पण त्यांच्यापुढे असलेले कागद पाहिले, तेव्हा माझा राग ओसरला. पॉलिसीची अट अशी, की विमाधारक कोणत्याही प्रकारचा व्यवसाय वा नोकरी करण्यास पूर्णपणे असमर्थ असला पाहिजे. "कोणत्याही प्रकारचा" हे शब्द मी इतकी वर्षे हप्ता भरताना वाचलेच नव्हते. इकडे आमचे कागद काय सांगत होते? संचालक म्हणून माझा पगार त्या दोन्ही महिन्यांत नेहमीप्रमाणे जमा झाला होता. कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या धनादेशांवर माझी सही होती. कारण मनगटाच्या प्लास्टरमधून बोटे मोकळी राहतात आणि वाकडीतिकडी का होईना, सही करता येते. माझ्या जागी बसणारे तरुण डॉक्टर माझ्याच छापील लेटरहेडवर औषधे लिहीत होते. संगणकात सल्लागार म्हणून माझे नाव कायमचे भरून ठेवलेले. त्यामुळे औषध दुकानाच्या प्रत्येक बिलावर मीच! कागदांवर विश्वास ठेवला असता, तर त्या आठ आठवड्यांत मी एकही सुट्टी न घेता राबले होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. साप्ताहिक रक्कम ही ठरलेली असते. ती बुडालेल्या पगाराची भरपाई नव्हे. त्यामुळे पगार चालू राहिला एवढ्याच कारणाने दावा पडू नये. परंतु पगार चालू, सह्या चालू, बिले चालू, असे सारे एकत्र आले की कामही चालू होते असा निष्कर्ष कोणीही काढील. मी त्यांच्या जागी असते तर मीही काढला असता.

मालक आणि कामगार एकाच देहात असू शकतात का, हा प्रश्न कायद्याला नवा नाही. आमच्या वकील स्नेह्यांनी मला न्यूझीलंडमधील एका खटल्याची गोष्ट सांगितली. ली नावाचे एक वैमानिक विमानातून शेतांवर खत फवारीत. त्यांनी त्यासाठी कंपनी काढली. ३,००० पैकी २,९९९ भाग त्यांचे, सर्वाधिकारी संचालकही तेच, आणि पगारी मुख्य वैमानिकही तेच. १९५६ साली फवारणी करताना विमान कोसळून ते गेले. पत्नीने कामगार नुकसानभरपाई मागितली. तेथील अपील न्यायालय म्हणाले, स्वतःच स्वतःला हुकूम देणारा माणूस नोकर कसा? १९६० साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय फिरविला. कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे, तिने ली यांच्याशी नोकरीचा करार केला होता, म्हणून ते तिचे कामगार होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ साली, एपेक्स इंजिनिअरिंग या कंपनीच्या प्रकरणात, मोबदला घेणारा व्यवस्थापकीय संचालक कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या अर्थाने कर्मचारी ठरू शकतो असे म्हटले. भागीदारी संस्थेतील भागीदाराला मात्र हा लाभ त्याआधीच्या एका निवाड्यात नाकारला गेला होता, कारण भागीदारी ही भागीदारांहून वेगळी व्यक्ती नसते.

म्हणजे दोन टोप्या घालण्याची मुभा कायदा देतो. फक्त कोणत्या वेळी कोणती टोपी डोक्यावर होती, हे ज्याचे त्याने दाखवायचे.

माझ्यापाशी ते दाखवायला काय होते? आरंभी काहीच सापडेना. १९६१ च्या आयकर कायद्याखालील नियमांनी डॉक्टरांसाठी रोजच्या रुग्णांची नोंदवही सांगितली होती, ३सी नमुन्याची. तारीख, रुग्णाचे नाव, सेवेचे स्वरूप, फी. आमच्याकडे ती हिशेबनीस महिनाअखेरीस एकहाती भरीत आणि डॉक्टर कोण हे तीत नसेच. (जे स्वतःच्या नावाने व्यवसाय करतात आणि २०१६-१७ पासून आलेल्या अनुमानित कराच्या सोयीमुळे निम्मे उत्पन्न नफा दाखवून मोकळे झाले, त्यांच्यापैकी काहींनी तर वह्याच बंद केल्या.) आपल्या बडोद्यात दिवाळीला चोपडापूजन थाटात होते, पण पुजलेल्या चोपड्यात पैसे कोठून आले ते असते, कोणी किती वाजता कष्ट केले ते नसते.

शेवटी आधार मिळाला तो दोन ठिकाणी. बालरोगतज्ज्ञाचे निम्मे काम स्वतःच्या दारात होतच नाही. सिझेरियनच्या वेळी रात्री-अपरात्री दुसऱ्यांच्या प्रसूतिगृहांत जावे लागते, आणि तेथील प्रसूती नोंदवहीत बाळाच्या डॉक्टरचे नाव व वेळ लिहिलेली असते. तीन स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणींनी त्या पानांच्या प्रती दिल्या. अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंत माझे नाव, पुढे आठ आठवडे इतरांची नावे. माझ्या गैरहजेरीचा पुरावा असा दुसऱ्यांच्या हजेरीत सापडला. दुसरा आधार आमच्या रात्रपाळीच्या सिस्टरची वही. कोणी न सांगता त्या वर्षानुवर्षे प्रत्येक बोलावणे वेळेसह लिहितात. "मॅडम रजेवर, दुसऱ्या डॉक्टरांना कळविले", अशा कितीतरी ओळी.

पण त्याच वहीत तिसऱ्या आठवड्यातील एक ओळ होती: "२.४० वा. मॅडम आल्या." मुदतीआधी जन्मलेले एक बाळ त्या रात्री निळे पडत होते, दुसरे डॉक्टर वाटेत होते, आणि मी वरच राहते. गळ्यात हात अडकवून मी वॉर्मरपाशी उभी राहिले आणि सिस्टरना काय करायचे ते सांगत राहिले. वीस मिनिटे. हे काम होते का? होतेच. घरात सूचना आली, की तेवढे पान सोडून बाकीच्या प्रती देऊ. खोटे काहीच सांगायचे नाही, फक्त एक पान कमी. यजमानांनीही ती वाईट हेतूने केली नव्हती. एक संपूर्ण दिवस मी त्या पानाकडे पाहत घालविला. मुलाचे वजन एका भेटीत घटले म्हणून वाढीच्या तक्त्यावरील तो ठिपका आपण खोडत नाही. खोडला तर उरलेल्या ठिपक्यांना काय अर्थ? मी सगळी वही दिली.

तपासनिसांनी त्या ओळीवर बराच वेळ बोट ठेवले. मग पान उलटले.

दावा सहा आठवड्यांचा मंजूर झाला. व्यायामोपचाराचे दोन आठवडे नाकारले गेले. त्या काळात मी दुपारी बाह्यरुग्ण विभागात नुसती बसत असे, आणि ते मी लेखी सांगितले होते. मला निर्णय रास्त वाटला.

आता आम्ही काय बदलले ते थोडक्यात. संचालक म्हणून माझी नेमणूक आणि वैद्यकीय कामाची नेमणूक यांचे ठराव वेगळे केले. दुसऱ्यात कामाचे स्वरूप आणि वेळा आहेत. पगार आणि लाभांश वेगळ्या शीर्षकांखाली जातात. कोणी संचालक आजारी पडला तर त्याच दिवशी रजेचा आणि सह्यांचे अधिकार सोपविण्याचा ठराव इतिवृत्तात येतो, आणि बदली डॉक्टर स्वतःच्या नावाचा शिक्का वापरतात. महिन्यानंतर मागची तारीख घालून केलेला ठराव मात्र नको. तो नसलेला बरा.

प्रमाणपत्र देणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनाही एक विनंती. "विश्रांतीचा सल्ला" एवढेच लिहू नका. कोणती कामे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत करता येणार नाहीत, ते लिहा. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच समजावले आहे: डावा हात गमावलेल्या सुताराची किंवा वाहनचालकाची कमाई जवळजवळ संपते, तोच हात गमावलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेचे नुकसान एक नव्हे.

सिस्टरांच्या वहीसारखी एक वही आता माझ्या टेबलावरही आहे. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, बाहेरची बोलावणी, असे स्तंभ आहेत. शेवटचा स्तंभ रात्री घरून फोनवर दिलेल्या सल्ल्यांचा; तो बहुतेक रिकामाच असतो. पहाटे तीनला फोन ठेवल्यावर वही उघडण्याचे भान अजून राहत नाही.